शिवलेल्या मालिका: सोलापुरातील एका तेलुगू ट्रंकेच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२४

पेद्दम्माच्या घराचे पत्रे पावसाआधी बदलायचे असल्यामुळे माळा रिकामा करावा लागला, आणि त्या निमित्ताने जी लोखंडी ट्रंक मी लहानपणापासून फक्त खालून पाहत आले होते ती आज पहिल्यांदा उघडली. पेद्दम्मा म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या, घरांतून नात्यांची नावे अजूनही तेलुगूच आहेत, मग शाळा, नोकरी आणि हिशेब मराठीत का असेनात.

ट्रंकेत वरच्या थराला डांबराच्या गोळ्यांची पूड आणि कडुनिंबाचा चुरा होता, आणि त्याखाली काठोकाठ तेलुगू साप्ताहिके आणि मासिके. कडेच्या अंकांना कसर लागली आहे, तळाशी एका कोपऱ्यात ओल शिरून सात-आठ अंक एकमेकांना चिकटले आहेत, पण मधला भाग चांगला राहिला आहे. पहिल्या मोजणीत २१४ सुटे अंक आणि १७ हाताने शिवलेले गठ्ठे निघाले. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे जुन्या कागदाशी कसे वागायचे हे मला माहीत आहे. मात्र घरच्या कागदाशी वागताना हात वेगळा चालतो, हे आज जाणवले. चिकटलेल्या अंकांना आज हात लावलेला नाही. ते टिपकागदात ठेवून, वर सपाट वजन देऊन वाळवायचे आहेत.

या संग्रहाची सूची करायची, प्रत्येक पानाचे चित्र घ्यायचे आणि पेद्दम्मा सांगू शकते तोवर तिच्या आठवणी त्या त्या अंकापुढे लिहून ठेवायच्या, असे ठरवून ही वही सुरू केली आहे. तिचे वय आता ८३ आहे. वाचता येईल इतकी नजर राहिलेली नाही, पण आठवण शाबूत आहे.

१६ जून २०२४

आज नावांनुसार वर्गवारी केली. सर्वांत मोठा वाटा ‘आंध्रप्रभा’ साप्ताहिकाचा आहे, त्यानंतर ‘आंध्र पत्रिका’ आणि ‘आंध्रज्योती’ यांच्या साप्ताहिक आवृत्त्या. मासिकांमध्ये ‘ज्योती’, ‘युवा’, ‘चंदमामा’ आणि १९७० साली विजयवाड्याहून वेमूरी बलराम यांनी सुरू केलेले ‘स्वाती’. ‘स्वाती’चे साप्ताहिक १९८४ मध्ये निघाले, आणि तेच या ट्रंकेतले सर्वांत अलीकडचे अंक आहेत.

यांपैकी बहुतेकांच्या मुखपृष्ठावर ‘सचित्र वारपत्रिका’ असे शब्द आहेत. तेलुगूत ‘वारम्’ म्हणजे आठवडा. वारपत्रिका म्हणजे साप्ताहिक. घरातल्या प्रत्येकासाठी काहीतरी असलेला अंक, अशी या साप्ताहिकांची सगळी रचना होती. आजोबांसाठी पंचांग आणि पुराणकथा, मुलांसाठी व्यंगचित्रे, कॉलेजात जाणाऱ्यासाठी सिनेमाची पाने, आणि दुपारच्या वेळेसाठी दोन-तीन क्रमशः कादंबऱ्या. अशा कादंबरीला तेलुगू वाचक सरळ ‘सीरियल’ म्हणत, टीव्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून. हप्त्याच्या शेवटी मराठीत ‘क्रमशः’ छापतात तसा तेलुगूत ‘सशेषं’ हा शब्द असतो. उरलेल्यासह, शिल्लक ठेवून, असा त्याचा अर्थ. आठवडाभर वाट पाहणाऱ्या वाचकाची स्थिती या शब्दात जास्त नेमकी उतरली आहे, असे मला वाटते.

३० जून २०२४

दोन आठवडे फक्त शिवलेल्या गठ्ठ्यांवर काम केले, कारण या संग्रहाचा गाभा तिथे आहे अशी माझी खात्री होत चालली आहे.

साप्ताहिकातल्या कादंबरीची पाने दर आठवड्याला काढून ठेवायची आणि कादंबरी संपली की सगळे हप्ते एकत्र शिवून घरचे पुस्तक तयार करायचे, ही रीत आंध्र-तेलंगणातल्या वाचणाऱ्या घरांतून मोठ्या प्रमाणावर होती. मराठी घरांतही अशी बांधणी झालेली मी पाहिली आहे, पण इथले प्रमाण निराळे आहे. सतरा गठ्ठ्यांत मिळून तेवीस कादंबऱ्या आहेत. काही गठ्ठ्यांत दोन लहान कादंबऱ्या एकत्र शिवल्या आहेत.

गठ्ठा क्रमांक ५ समोर ठेवून लिहीत आहे. दोन्ही बाजूंचे पुठ्ठे चादरीच्या घडीत घालतात तसे आहेत. एकावर शिक्क्याची अर्धी निळी कड दिसते. पाठीवर गर्द लाल सुती कापडाची पट्टी खळीने चिकटवली आहे, आणि ती खळ इतकी दाट लावली आहे की पन्नास वर्षांनंतरही कापड सुटलेले नाही. मागाच्या घरात खळ कशी शिजवावी हे कोणाला शिकवावे लागत नसे. पाने शिवण्यासाठी दाभणाने पाच छिद्रे पाडली आहेत आणि त्यांतून मागावरचे दुपदरी सूत ओवले आहे. पान ६२ आणि ६३ यांच्या मध्ये तेंदूच्या पानाचा एक तुकडा सापडला. पत्र्याच्या मापाने विडीसाठी कातरलेला हा तुकडा खूण म्हणून ठेवलेला असावा. आता तो तपकिरी झाला असून त्याचा डाग दोन्ही पानांवर उमटला आहे. त्या तुकड्याला वेगळे पाकीट केले आणि पाकिटावर पानांचे आकडे लिहिले.

१४ जुलै २०२४

माझे तेलुगू बोलण्याचे आहे, वाचण्याचे नव्हते. मार्चपासून लिपी शिकत असल्याने मथळे आणि लहान परिच्छेद आता वाचता येतात. तरीही छापील भाषा आणि आमच्या घरची भाषा यांत बरेच अंतर आहे, कारण आमचे बोलणे तेलंगणातून तीन पिढ्यांपूर्वी आलेल्या विणकरांचे आणि वर मराठीची भर पडलेले, तर साप्ताहिकांचे तेलुगू मुख्यतः कृष्णा-गोदावरीच्या काठचे. पेद्दम्मा सांगते की सुरुवातीला तिलाही काही शब्द अडत, आणि मग ती पुढच्या-मागच्या वाक्यांवरून अर्थ लावत असे.

या महिन्यात ‘आंध्रप्रभा’च्या सुट्या अंकांतील ‘प्रमदावनम्’ या सदराची सूची केली. मालती चंदूर यांनी १९५२ पासून चार दशकांहून अधिक काळ हे सदर चालवले. वाचक स्त्रिया पत्रे पाठवत आणि मालती चंदूर उत्तरे देत. लोणच्याला बुरशी का येते, बाळाला दूध कधी तोडावे, सासरी शिकू देत नाहीत तर काय करावे, अमुक देशाची राजधानी कोणती, अमुक शास्त्रज्ञाने काय शोधले, असे सगळे प्रश्न एकाच पानावर शेजारी शेजारी असत आणि सर्वांना सारख्याच गांभीर्याने उत्तर मिळत असे. प्रश्न विचारण्याची लाज कोणालाही वाटू नये, हा त्या सदराचा धर्म होता. पुढे त्यांनीच ‘स्वाती’ मासिकातून जगातल्या गाजलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांचा परिचय ‘पात केरटालु’, म्हणजे ‘जुन्या लाटा’, या सदरातून करून दिला, आणि ज्या बायकांच्या हाती इंग्रजी पुस्तक कधी येणार नव्हते त्यांना त्या कथा घरबसल्या मिळाल्या. त्यांच्या ‘हृदयनेत्री’ या कादंबरीला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०१३ मध्ये त्या गेल्या.

पेद्दम्माने या सदराला कधी पत्र पाठवले होते का, असे विचारले. तिने लिहिले होते, पण टाकले नाही. काय विचारले होते ते तिने सांगितले आणि ते नोंदीत लिहू नकोस असेही सांगितले, म्हणून ते इथे लिहीत नाही.

२८ जुलै २०२४

मराठी वाचकाला सर्वांत जवळची वाटावी अशी गोष्ट आज टिपून ठेवते. ‘आंध्र पत्रिका’चा जन्म मुंबईचा आहे. काशीनाथुनी नागेश्वरराव पंतुलु यांनी १८९३ मध्ये मुंबईत ‘अमृतांजन’ हा वेदनाशामक लेप काढला, त्यात त्यांना यश आले, आणि १९०८ मध्ये त्याच शहरातून त्यांनी ‘आंध्र पत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक सुरू केले. १९१४ मध्ये ते मद्रासला गेले आणि तिथे त्याचे दैनिक झाले. १९२४ मध्ये त्याच घरातून ‘भारती’ हे वाङ्मयीन मासिक निघाले. १९१० पासून ‘आंध्र पत्रिका’ने उगादीचा विशेषांक काढण्याची प्रथा पाडली. उगादी म्हणजे आपला पाडवा. मुंबईतच १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला होता, आणि मराठी दिवाळी अंकांची परंपरा तिथून मोजतात. एका शहरात, एका वर्षाच्या अंतराने, दोन भाषांनी सणाच्या दिवशी घरात नवा अंक आणण्याची सवय लावून घेतली. एकाने दुसऱ्याचे पाहून केले असे म्हणायला माझ्याकडे आधार नाही, पण ही शेजारधर्माची तारीख आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात नोंदवली जावी असे मला मनापासून वाटते.

आणखी एक साम्य आहे. मद्रासमध्ये १९२८ साली ‘गृहलक्ष्मी’ हे स्त्रियांचे मासिक काढणारे डॉ. के. एन. केसरी हे ‘लोध्र’ या स्त्रियांच्या औषधाचे उत्पादक होते. १९३४ पासून लेखिकांना सोन्याचे कंकण देऊन गौरवण्याचा ‘गृहलक्ष्मी स्वर्णकंकणम्’ हा सन्मान त्यांनी सुरू केला आणि पहिले कंकण कनुपर्ती वरलक्ष्मम्मा यांना मिळाले. इकडे नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करांच्या कारखान्याच्या आश्रयाने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर’ आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ ही मासिके उभी राहिली. घराघरांत जाणारी वस्तू विकणाऱ्यालाच घराघरांत जाणाऱ्या मासिकाचा तोटा सोसणे आणि त्याच्या वाटा तयार करणे जमले, असे दोन्ही प्रदेशांचे चित्र दिसते. बाटली किंवा डबी जिथे पोचते तिथली माणसे, पत्ते आणि दुकाने आधीच ओळखीची असतात.

११ ऑगस्ट २०२४

चिकटलेले अंक सुटले. सातपैकी पाच पूर्ण, दोघांची मुखपृष्ठे गेली.

‘चंदमामा’चे ३१ अंक आहेत. बी. नागिरेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळ या दोन भाषांत हे मुलांचे मासिक सुरू केले. चक्रपाणी हे तेनालीचे. त्यांनीच शरच्चंद्रांच्या बंगाली कादंबऱ्या तेलुगूत आणल्या होत्या, आणि ‘युवा’ हे मासिकही त्यांचेच. १९५२ पासून कोडवटिगंटी कुटुंबराव यांनी संपादनाची धुरा घेतली आणि १९८० मध्ये मृत्यू येईपर्यंत ती वाहिली. मोठ्यांसाठी धारदार कथा लिहिणारा हा लेखक मुलांसाठी इतके स्वच्छ, सांधे न दिसणारे गद्य घडवत राहिला, ही माझ्या दृष्टीने त्या मासिकाची सर्वांत मोठी मिळकत आहे.

मराठी ‘चांदोबा’ १९५२ पासून निघू लागला. आमच्या ग्रंथालयाच्या रद्दीतून वाचवलेले ‘चांदोबा’चे काही अंक माझ्याकडे आहेत, ते आज तेलुगू अंकांशेजारी मांडून पाहिले. चित्रे तीच, चौकटी त्याच, मधला मजकूर तेवढा दुसऱ्या लिपीत. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रम, शंकर या चित्रकाराने काढलेला, सोलापूरच्या दोन वेगवेगळ्या पेठांतल्या मुलांनी दोन भाषांत पाहिला असेल, आणि दोघांनाही तो आपलाच राजा वाटला असेल. चंद्राला मामा म्हणण्याची रीत दोन्ही भाषांत आहे, त्यामुळे नावालाही अडचण आली नाही. कुणी एखाद्या गोष्टीचा पिच्छा सोडत नसेल तर तेलुगूत आजही त्याला ‘पट्टु वदलनि विक्रमार्कुडु’, धरलेले न सोडणारा विक्रम, असे म्हणतात. हा विक्रम बोलण्यात इतका रुळला, यात ‘चंदमामा’तल्या वेताळकथांचा वाटा मोठा आहे.

पेद्दम्मा माझ्या आईला ‘चंदमामा’ वाचून दाखवत असे, आणि आईने मला ‘चांदोबा’ वाचून दाखवला. आमच्या घरातले भाषांतर असे झाले आहे.

१९ ऑगस्ट २०२४

नारळी पौर्णिमा. मार्कंडेयाचा रथ निघाला, घरात पाहुणे होते, स्कॅनिंग बंद ठेवले. मात्र आजच्या दिवसाने प्रकल्पाला जे दिले ते दोन महिन्यांच्या सूचीतून मिळाले नव्हते.

दुपारी पेद्दम्माच्या दोन जुन्या शेजारणी आल्या. गठ्ठे पाहून एकीने गठ्ठा क्रमांक ५ लगेच ओळखला, कारण त्याच्या पाठीवरची लाल पट्टी तिच्या परकराची होती. मग कळले की हे गठ्ठे एकट्या पेद्दम्माचे नव्हतेच. त्या आळीत सात-आठ बायका दुपारी एका ओट्यावर सुपे घेऊन विड्या वळायला बसत. त्यांत तेलुगू वाचता येणारी पेद्दम्मा एकटी होती, कारण ती तेलुगू माध्यमाच्या शाळेत सहावीपर्यंत गेलेली. हैदराबादहून नात्यातले कोणी रेल्वेने आले की अंक घेऊन येत, कधी एकदम चार आठवड्यांचे. पेद्दम्मा वाचायची आणि बाकीच्या वळायच्या. वाचण्यात तिच्या विड्या कमी पडत, म्हणून प्रत्येकजण आपल्या सुपातल्या थोड्या विड्या तिच्या सुपात टाकत असे. संध्याकाळी कारखान्यात मोजून द्यायच्या तेव्हा तिची संख्या पुरी भरे.

यद्दनपूडी सुलोचनाराणी यांची ‘सेक्रेटरी’ ही ‘ज्योती’ मासिकात क्रमशः आलेली कादंबरी त्यांनी अशीच ऐकली. नोकरी करणारी, स्वाभिमानी जयंती आणि श्रीमंत, देखणा राजशेखरम् यांची ही गोष्ट. १९७६ मध्ये तिच्यावर सिनेमा आला तेव्हा या बायकांनी तो पाहिला, आणि ऐकलेला राजशेखरम् जास्त चांगला होता असे दोघी आजही ठामपणे सांगतात. यद्दनपूडींच्या कादंबऱ्यांना स्वप्नरंजन म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी मी पूर्वी सहमत होते. आज त्या ओट्यावरचे ऐकल्यावर ते मत मागे घेते. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईला स्वतःच्या कमाईवर उभी असलेली नायिका दर महिन्याला भेटत होती, आणि त्या भेटीची किंमत ती स्वतःच्या सुपातून मोजून देत होती.

८ सप्टेंबर २०२४

माझ्या हातून एक चूक झाली, ती सविस्तर लिहिणे आवश्यक आहे.

शिवलेले गठ्ठे पूर्ण उघडत नाहीत, त्यामुळे शिवणीजवळच्या ओळी चित्रात दबतात. पाने सपाट मिळावीत म्हणून मी गठ्ठा क्रमांक ११ चे सूत कापले, पाने सुटी केली, ४०० डीपीआयवर स्वच्छ चित्रे घेतली, आणि नंतर पुन्हा शिवायला बसले. तेव्हा लक्षात आले की पानांचा क्रम मला लावता येत नाही. प्रत्येक हप्त्याची पाने साप्ताहिकातल्या आपापल्या क्रमांकाची आहेत: एका आठवड्यात ३३ ते ३६, पुढच्या आठवड्यात २९ ते ३२. तारखेची पट्टी कातरताना बहुतेक पानांवरून गेली आहे. क्रम फक्त त्या सुतात होता, आणि ते मी कापले. चित्रे घेतलेल्या अनुक्रमाने बरेचसे सावरले, पण मधला एक थर माझ्या हातून उलटा पडला होता. तो मजकूर वाचून जुळवायला तीन संध्याकाळी लागल्या. शिवाय जुनी छिद्रे आणि नवे दोरे यांचा मेळ बसत नाही. ठिसूळ झालेल्या कागदाने दोन ठिकाणी दाभण सहन केले नाही.

आमच्या शिक्षणात अंक हा घटक मानतात: वर्ष, खंड, क्रमांक. त्या दृष्टीने पान काढलेला अंक हा फाटका अंक असतो आणि काढलेली पाने म्हणजे कात्रणे. ग्रंथालयाने अंक जपणे योग्यच आहे. वेटपालेमच्या सारस्वत निकेतनम् या १९१८ पासूनच्या ग्रंथालयाने जुनी तेलुगू नियतकालिके जपली, आंध्र प्रदेशच्या प्रेस अकादमीने ‘भारती’, ‘आंध्र पत्रिका’ यांसारख्यांची पाने संगणकावर आणली, म्हणून आज ती कोणालाही पाहता येतात. पण तिथे जे जपले गेले ते संपादकांनी घडवलेले मासिक आहे. आमच्या ट्रंकेत वाचणाऱ्या आणि ऐकणाऱ्या बायकांनी घडवलेले पुस्तक आहे, आणि त्याची दुसरी प्रत कुठेही असू शकत नाही. यापुढे एकही सूत कापायचे नाही असे ठरवले. पुठ्ठ्याची इंग्रजी ‘व्ही’सारखी घडवंची करून, गठ्ठा ९० अंशांपर्यंतच उघडून, वरून कॅमेऱ्याने चित्रे घ्यायची, शिवणीत दबलेल्या ओळी हाताने वाचून टंकलिखित करायच्या. याला तिप्पट वेळ लागेल.

२२ सप्टेंबर २०२४

घडवंची चांगली काम देते. दिवसाला ४० पाने होतात.

कादंबरीच्या पानांच्या मागच्या बाजूला काय आले आहे याची वेगळी सूची सुरू केली. कातरणाऱ्या हाताने ते निवडलेले नव्हते, ते पाठीला पाठ लागून आले. एका हप्त्यामागे दात घासण्याच्या पावडरीची जाहिरात, एकामागे विनोदाची अर्धी चौकट, एकामागे गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्या, लोणच्याची कृती मिठाच्या मापापर्यंत येऊन तुटलेली. पुराणम् सुब्रह्मण्य शर्मा हे ‘आंध्रज्योती’ साप्ताहिकाचे संपादक ‘पुराणम् सीता’ या नावाने ‘इल्लालि मुच्चट्लु’, म्हणजे गृहिणीच्या गप्पा, हे सदर लिहीत. त्याचे दोन तुकडे असे पाठीवर टिकले आहेत. स्त्रियांच्या कादंबऱ्यांना त्या दशकांत इतकी मागणी होती की अनेक पुरुष लेखक बाईचे नाव घेऊन लिहीत. लेखिकांची मोठी फळीच उभी होती: मुप्पाळ रंगनायकम्मा, कोडूरी कौसल्यादेवी, मादिरेड्डी सुलोचना, वासिरेड्डी सीतादेवी. कौसल्यादेवींच्या ‘चक्रभ्रमणम्’वर १९६४ मध्ये ‘डॉक्टर चक्रवर्ती’ हा चित्रपट निघाला. साप्ताहिकातला हप्ता, मग पुस्तक, मग भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानातली प्रत, मग सिनेमा, असा एकेका कादंबरीचा प्रवास असे.

६ ऑक्टोबर २०२४

मुखपृष्ठे. हा भाग थोडक्यात.

चित्रकार बापू यांची रेषा आणि वड्डादि पापय्या यांचे रंग या दोन गोष्टी संग्रहात वारंवार येतात. पापय्यांची ‘युवा’ आणि ‘चंदमामा’साठीची चित्रे लोक चौकट करून भिंतीला लावत, आमच्याकडे एका चित्राच्या चारही कोपऱ्यांना खिळ्यांची गंजकी छिद्रे आहेत. बापूंनी काढलेली लांब वेणीची, मोठ्या डोळ्यांची मुलगी इतकी ओळखीची झाली की देखण्या तेलुगू मुलीला ‘बापू बोम्मा’, बापूंचे चित्र, असे म्हणू लागले, आणि त्यांच्या वळणदार अक्षराचे पुढे संगणकीय टंक झाले. मुळ्ळपूडी वेंकटरमणा यांचा ‘बुडुगु’ हा वाह्यात, गोड पोरगा ‘आंध्र पत्रिका’ साप्ताहिकात बापूंच्या चित्रांसह आला होता. तो अंक मात्र ट्रंकेत नाही. पेद्दम्मा म्हणते, होता; कोणीतरी नेला.

२७ ऑक्टोबर २०२४

प्रताधिकाराचा निर्णय घेतला. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतात आणि चित्रकाराचे हक्क वेगळे असतात. वड्डादि पापय्या १९९२ मध्ये गेले, बापू २०१४ मध्ये, यद्दनपूडी २०१८ मध्ये. म्हणजे या संग्रहातले जवळपास काहीही आज सर्वांसाठी खुले करता येणार नाही. सूची खुली ठेवायची, पानांची चित्रे फक्त अभ्यासासाठी आणि घरापुरती. मागितल्यास बायकांच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण त्यांच्या संमतीने ऐकवायचे. पेद्दम्माच्या न पाठवलेल्या पत्राचा भाग त्यातून काढला आहे.

१७ नोव्हेंबर २०२४

सर्व १७ गठ्ठ्यांची चित्रे पूर्ण झाली. सुट्या अंकांपैकी १८० झाले.

संग्रहातला शेवटचा अंक १९९६ चा आहे. १९९५ मध्ये ईटीव्ही आणि जेमिनी या तेलुगू वाहिन्या सुरू झाल्या, आणि आमच्या आळीतल्या ओट्यावरच्या बायका संध्याकाळी ज्या घरात टीव्ही होता त्या घरात बसू लागल्या. ‘आंध्र पत्रिका’ त्याआधीच, १९९१ मध्ये, बंद पडली होती. ‘चंदमामा’ २०१३ पर्यंत कसाबसा टिकला. टीव्हीला दोष देणे सोपे आहे, पण पेद्दम्माचे कारण निराळे आहे. तिच्या मते ओटाच राहिला नाही. पोरी शिकल्या, मराठी शाळेत गेल्या, विड्या सुटल्या ते चांगलेच झाले. पण तेलुगू ऐकायला बसणारे कोणी उरले नाही, आणि एकटीने मोठ्याने वाचता येत नाही.

१ डिसेंबर २०२४

गठ्ठा क्रमांक १४ ची नोंद राहिली होती. याला मुखपान नाही, शीर्षक नाही, लेखिकेचे नाव नाही. ते सर्व पहिल्या हप्त्याच्या वरच्या पट्टीत असणार आणि ती पट्टी नाही. शेवटच्या पानाच्या तळाशी ‘सशेषं’ छापले आहे. म्हणजे निदान एक हप्ता आलाच नाही. त्या आठवड्यांत हैदराबादहून कोणी आले नव्हते.

शेवट कसा झाला, असे मी पेद्दम्माला विचारले. ती म्हणाली, “बिड्डा, शेवट मी केला.” अंक येत नाही म्हटल्यावर बायका रोज विचारू लागल्या, तेव्हा एका दुपारी तिने हातात जुनाच अंक धरला आणि वाचत असल्यासारखा शेवट सांगितला. कोणाला कळले नाही. आज तिने तो पुन्हा सांगितला, बावीस मिनिटे, न अडखळता, छापील तेलुगूत. आमच्या घरच्या भाषेत नाही. शेजारणींपैकी जी हयात आहे आणि जवळ राहते तिला संध्याकाळी बोलावून ध्वनिमुद्रण ऐकवले. तिने अर्ध्यावर थांबवायला सांगितले आणि म्हणाली की हे तिने ऐकले आहे, पण त्यात नायिका गाडीत बसण्यापूर्वी आईला पत्र लिहिते, ते राहिले. पेद्दम्माने थोडा विचार केला आणि ते मान्य केले.

सूचीत गठ्ठा १४ पुढे असे लिहिले: शीर्षक अज्ञात, लेखिका अज्ञात, हप्ते १९, शिवलेले, हप्ता २०, मौखिक, ध्वनिफीत क्रमांक ९, पत्राच्या प्रसंगाची दुरुस्ती ध्वनिफीत क्रमांक १० मध्ये.